मुलाच्या कलाने, खेळातून शिकणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालकांशी बोलताना पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. क्रमाने वाचायची गरज नाही. ज्याची काळजी सतावते आहे तिथून सुरुवात करा. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवते. या पद्धतीत मोठ्यांचं काम कमी होत नाही, त्याचं स्वरूप बदलतं. त्यातलं गप्प राहण्याचं काम बहुतेकांना सर्वांत जड जातं.

‘मुलाच्या कलाने शिकणं’ म्हणजे नेमकं काय?

काय करायचं, कशाशी खेळायचं, कुणाबरोबर खेळायचं आणि कधी थांबायचं हे बहुतांशी मूल ठरवतं. मोठी माणसं जागा, साहित्य, भरपूर सलग वेळ आणि गरजेपुरती सोबत देतात. दिवसाची आखणी तासिकांनी होत नाही, खेळाभोवती होते.

खेळ कशाला म्हणायचं याची एक साधी खूण आहे. मूल तो मध्येच सोडू शकतं का? त्याचे नियम बदलू शकतं का? दोन्हीचं उत्तर ‘नाही’ असेल तर तो धडा आहे. धडा वाईटच असतो असं नाही, फक्त त्याला खेळ म्हणू नये. बेरजांच्या कागदावर कोपऱ्यात ससा छापला तरी तो कागद बेरजांचाच राहतो. ‘खेळातून शिक्षण’ अशी पाटी लावलेल्या कितीतरी ठिकाणी हा ससाच भेटतो.

ही अलीकडची फॅशन आहे का?

फॅशन म्हणायला तिचं वय जरा जास्तच झालं आहे. फ्रिडरिश फ्रोबेल यांनी १८३७ साली जर्मनीतल्या बाड ब्लांकेनबुर्ग या गावी लहान मुलांसाठी खेळ आणि कृती यांवर आधारलेली संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिलं. चेंडू आणि लाकडी ठोकळे हे त्यांचं मुख्य साहित्य. १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली, कारण त्यामागे धर्म आणि राज्यव्यवस्था यांना धोका देणारे विचार असल्याचा संशय होता. बंदी उठायला १८६० साल उजाडलं; तोवर फ्रोबेल हयात नव्हते. आज त्यांनीच दिलेल्या नावाखाली चार वर्षांच्या मुलांना ओळीच्या ओळी गिरवायला बसवतात, तो भाग निराळा.

मारिया माँटेसरी या डॉक्टर बाईंनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत आपलं पहिलं बालगृह उघडलं. आपल्याकडे गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडली आणि १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केलं. मिशा असलेल्या या माणसाला लोक प्रेमाने ‘मूछाळी मा’ म्हणत. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या आणि अनुताई वाघ यांच्या साथीने आदिवासी मुलांत काम करू लागल्या. मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवली. ‘मुलाच्या कलाने’ या शब्दांचा इतका शब्दशः अर्थ फार थोड्यांनी घेतला असेल.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात खेळ हा मुलाचा हक्क म्हणून नोंदवला आहे, कलम ३१ मध्ये.

खेळताना मूल शिकतं म्हणता, पण शिकतं तरी काय?

अडीच-तीन वर्षांचं मूल एका भांड्यातलं पाणी दुसऱ्या भांड्यात ओतत बसतं. पुन्हा, पुन्हा आणि पुन्हा. बाहेरून पाहणाऱ्याला ओला पसारा दिसतो. मूल मात्र भांडं किती कललं की धार सुटते, मनगट कुठे आवरायचं, उभट भांड्यातलं पाणी पसरट भांड्यात गेलं की कुठवर येतं, हे तपासत असतं. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्या प्रयोगांमुळे आपल्याला माहीत आहे की तेच पाणी उंच, अरुंद पेल्यात ओतलं की पाच वर्षांची बरीच मुलं ‘आता जास्त झालं’ म्हणतात. तसं नाही, हे नुसतं सांगून त्यांना सहसा पटत नाही. त्यामागे ओतण्या-सांडण्याचा भरपूर अनुभव लागतो.

ठोकळ्यांच्या खेळात तोल, लांबी, निम्मं-दुप्पट, समोरासमोरची सारखी मांडणी हे सगळं हाताखालून जातं. मनोरा पडला की मूल पुढच्या वेळी रुंद ठोकळा खाली ठेवतं. त्याला ‘पाया’ हा शब्द ठाऊक नसला तरी पाया कळलेला असतो.

खोटं-खोटं खेळण्याची गोष्ट याहून खोल आहे. काठी घोडा होते, खोका बस होतो, रिकाम्या मुठीतून पैसे दिले जातात. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव विगोत्स्की यांचं म्हणणं असं, की इथे मूल पहिल्यांदा वस्तू आणि तिचा अर्थ यांची फारकत करतं. काठी दिसत असते काठीच, पण वागायचं घोड्याशी वागावं तसं. कागदावरच्या वळणदार रेघेला ‘म’ म्हणायचं ठरवणं हीसुद्धा त्याच जातीची करामत आहे. म्हणून भातुकलीत रमलेलं मूल अक्षरांपासून दूर चाललं आहे असं समजू नका.

संयमाबद्दलही एक जुना प्रयोग आहे. १९४८ मध्ये मानुइलेंको या सोव्हिएत संशोधिकेने लहान मुलांना हलल्याशिवाय उभं राहायला सांगितलं. नुसतं सांगितल्यावर मुलं लवकर चुळबुळू लागली. पहारेकऱ्याची भूमिका दिल्यावर तीच मुलं कितीतरी जास्त वेळ निश्चल उभी राहिली. खेळातला नियम मुलाने स्वतः पत्करलेला असतो, म्हणून तो पाळण्याची ताकदही त्याच्यात येते.

आणि भांडणं. ‘तू बाळ, मी डॉक्टर’ यावर अर्धा तास वाटाघाटी चालतात, खेळ सुरू व्हायच्या आतच जेवायची वेळ होते. तो अर्धा तास वाया गेलेला नसतो.

मग मोठ्यांनी काय करायचं? नुसतं बघत बसायचं?

बघणं हे काम आहे, आणि अवघड काम आहे. पण तेवढंच नाही.

पहिलं काम मांडणीचं. साहित्य मुलाच्या हाताला येईल अशा उंचीवर हवं, थोडं हवं, आणि एकाच वस्तूचे अनेक उपयोग होतील असं हवं. बटण दाबलं की गाणं म्हणणारं खेळणं एकच गोष्ट करतं, आणि तीही स्वतःच करतं. मुलाच्या वाट्याला बटण उरतं. खोके, कापडाचे तुकडे, दोरी, झाकणं, वाळू, पाणी, माती यांचं काहीही होऊ शकतं. मांडणीइतकाच सलग वेळ महत्त्वाचा. दर वीस मिनिटांनी ‘चला, आवरा’ झालं तर खेळ वरवरचा राहतो. खेळाचा रंग चढायलाच वेळ लागतो.

दुसरं काम थांबण्याचं. ठोकळा बसत नाही म्हणून मूल धुसफुसतं आणि आपला हात आपोआप पुढे जातो. तो मागे घ्या. मूल मदत मागत नाही किंवा रडकुंडीला येत नाही तोवर ती अडचण त्याची आहे.

घाईने शिकवल्यावर काय होतं यावर २०११ साली एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांनी एक छान प्रयोग प्रसिद्ध केला. एक खेळणं होतं, त्यात बऱ्याच गमती दडवलेल्या होत्या. काही मुलांना मोठ्या माणसाने त्यातली एक गंमत नीट करून दाखवली: हे असं ओढलं की आवाज येतो. इतरांना खेळणं शिकवण्याच्या आविर्भावाशिवाय मिळालं. ज्यांना शिकवलं ती मुलं तोच आवाज काढत बसली. बाकीच्यांनी इतर गमती शोधल्या आणि जास्त वेळ खेळली. मोठ्यांनी एकच दाखवलं म्हणजे दाखवण्यासारखं तेवढंच असणार, असा मुलांचा तर्क. तर्क म्हणून तो चोखच आहे!

तिसरं काम योग्य क्षणी खेळात शिरण्याचं, आणि इथे निव्वळ मोकळं सोडण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांशी माझं पटत नाही. २०१३ मध्ये केली फिशर आणि सहकाऱ्यांनी चार-पाच वर्षांच्या मुलांना त्रिकोण, चौकोन असे आकार तीन तऱ्हांनी दिले. एका गटाला समजावून सांगितलं, एका गटाला आकारांशी मोकळं खेळू दिलं, आणि तिसऱ्या गटात मोठी व्यक्ती मुलाबरोबर ‘आकारांचं गुपित’ शोधायला बसली. लांबुडका, तिरका, विचित्र दिसणारा त्रिकोणही त्रिकोणच, हे तिसऱ्या गटाला सर्वांत चांगलं उमगलं. मोकळं खेळलेल्या मुलांनी आकारांचं बरंच काही बनवलं, पण त्रिकोण कशाने त्रिकोण होतो हे त्यांना आपसूक कळलं नाही.

तेव्हा बरोबर बसा, पण खेळाची सूत्रं मुलाकडे राहू द्या. ‘हा रंग कोणता?’ असले प्रश्न टाळा. उत्तर तुम्हाला माहीत आहे हे त्याला कळतं, आणि खेळाची परीक्षा होते. ‘हा पूल पडत कसा नाही?’ हा प्रश्न खरा आहे, कारण बहुधा तुम्हालाही ते सांगता येणार नाही.

माँटेसरी, वॉल्डॉर्फ, रेज्जो एमिलिया हे सगळं एकच का?

नाही, आणि या नावांखाली बरंच काही खपवलं जातं. माँटेसरीत मूल स्वतः निवडतं, पण ठरावीक साहित्यातून, आणि ते साहित्य वापरायची रीतही बरीचशी ठरलेली असते. माँटेसरींनी मुलाच्या कृतीला ‘काम’ म्हटलं; खोट्या-खोट्या खेळाला त्यांच्या वर्गात फारसा मान नव्हता. वॉल्डॉर्फची सुरुवात १९१९ मध्ये श्टुटगार्टला झाली. तिथे गोष्टी, कल्पना, हातकाम यांवर भर असतो, आणि अक्षरओळख साधारण सातव्या वर्षाकडे ढकललेली असते. रेज्जो एमिलिया हे इटलीतलं शहर. दुसरं महायुद्ध संपल्यावर तिथल्या पालकांनी जर्मन सैन्याने मागे टाकलेला रणगाडा, ट्रक, घोडे विकून त्या पैशांतून बालशाळा उभारायला घेतली. पुढे लोरिस मालागुत्सी यांच्या मार्गदर्शनाखाली तिथे मुलांच्या प्रश्नांतून निघणारे लांब पल्ल्याचे प्रकल्प आणि त्यांची बारकाईने नोंद ही पद्धत घडली.

पाटीवर काय लिहिलं आहे यापेक्षा आत मुलं काय करत आहेत ते पाहा.

वाचन-लेखन आपोआप येईल?

काही मुलांना येतं. पुस्तकं वाचून दाखवली, पाट्या वाचल्या, नावं लिहिली, एवढ्यावर ती एक दिवस वाचू लागतात. अशा मुलांच्या कहाण्या खूप ऐकू येतात, कारण सांगण्यासारख्या असतात. पण सगळ्यांचं तसं होत नाही. बोलणं माणसाच्या मुलाला ऐकून येतं. लिपी ही माणसाने केलेली युक्ती आहे, आणि ती बऱ्याच मुलांना कुणीतरी उलगडून दाखवावी लागते. अक्षर आणि ध्वनी यांचं नातं क्रमाने शिकवलेलं मुलांच्या फायद्याचं ठरतं, हा निष्कर्ष पुरेसा भक्कम आहे. तो खेळाच्या विरोधात जातो असं मला वाटत नाही. मूल तयार झालं की रोज थोडा वेळ नीट शिकवावं, आणि उरलेला दिवस त्याचा त्याला द्यावा.

घाई मात्र करू नका. न्यूझीलंडमध्ये सेबॅस्टियन सगेट यांनी पाचव्या वर्षी वाचायला शिकलेली आणि सातव्या वर्षी शिकलेली मुलं यांची तुलना केली. अकराव्या वर्षाच्या सुमारास दोघांच्या वाचनक्षमतेत फरक उरला नव्हता. फिनलंडमध्ये मूल सात वर्षांचं होतं त्या वर्षी शाळा सुरू होते. देवनागरीत तर अक्षर आणि उच्चार यांचं नातं इंग्रजीपेक्षा कितीतरी सरळ आहे, त्यामुळे इंग्रजी शाळांची धास्ती जशीच्या तशी मराठीवर लादण्यात अर्थ नाही. जोडाक्षरं आणि मात्रा वेळ घेतात, हे खरं.

लिहिण्याबाबत आणखी एक. तीन वर्षांच्या बोटांत पेन्सिल धरायचं बळ नसतं. माती मळणं, कागद फाडणं, लोंबकळणं, चढणं यांतून खांदा, मनगट आणि बोटं तयार होतात. रेघोट्या हाही लेखनाचाच भाग आहे. त्यांना वळण लावायची घाई नको. सात-साडेसात वर्षांनंतरही आवाज आणि अक्षर यांची सांगड बसत नसेल, यमक ओळखता येत नसेल, तर ‘येईल आपोआप’ म्हणत थांबू नका. तज्ज्ञांना दाखवा. मुलाचा कल पाहणं म्हणजे डोळेझाक करणं नाही.

आणि गणित?

मोजण्याचं, वाटण्याचं, तुलना करण्याचं गणित खेळात भरपूर असतं. फासे, सोंगट्या, पत्ते यांतून संख्या पक्क्या होतात, कारण चुकीचं मोजलं तर समोरचा गडी लगेच पकडतो. एकक-दशकाची मांडणी, अपूर्णांक, भागाकाराची रीत मात्र ठोकळ्यांतून आपोआप उगवत नाही. ती शिकवावी लागते.

संशोधन काय म्हणतं? पुरावा आहे का?

आहे, पण जाहिरातींत असतो तितका गुळगुळीत नाही. अमेरिकेतल्या यप्सिलांटी गावी १९६२ मध्ये सुरू झालेला पेरी बालशाळेचा अभ्यास सर्वांत जास्त सांगितला जातो. गरीब घरांतली १२३ मुलं. काहींना बालशाळा मिळाली, काहींना नाही. त्यांचा माग चाळिशीपर्यंत घेतला गेला. बालशाळेत गेलेल्यांचं शिक्षण आणि कमाई जास्त, अटका कमी, असं दिसलं. पण तिथे शिक्षिका दर आठवड्याला घरीही जात. श्रेय खेळाचं किती आणि त्या घरभेटींचं किती, हे वेगळं काढता येत नाही.

त्याच मंडळींनी नंतर थेट शिकवणं आणि मुलाच्या पुढाकाराने शिकणं यांची तुलना केली. तेविसाव्या वर्षी पाहिलं तेव्हा थेट शिकवलेल्या गटात गुन्ह्यांसाठी झालेल्या अटका जास्त आढळल्या. पण मुलं होती जेमतेम ६८, म्हणून या निष्कर्षावर इमारत बांधू नये. दुसऱ्या बाजूला, किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी २००६ मध्ये ठासून मांडलं की विषयात नवख्या असलेल्यांना फारच कमी मार्गदर्शन दिलं तर शिकणं कमी होतं. त्यांचा रोख बालवाडीवर नव्हता, पण वय वाढतं तसा तो मुद्दा लागू होऊ लागतो.

माझं मत विचाराल तर साधारण आठव्या वर्षापर्यंत खेळाला मध्यभागी ठेवण्याची बाजू मजबूत आहे, आणि त्यातही मोठ्यांची जाणती सोबत असलेल्या खेळाची सर्वांत जास्त. पुढच्या वयासाठी तोच दावा तितक्या ठामपणे करता येत नाही.

चांगलं केल्यावर स्टार, चॉकलेट, बक्षीस द्यावं का?

मुलाला जे मुळातच आवडतं त्याला बक्षीस लावू नका. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायला आवडणारी बालवाडीतली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर सोनेरी तारा आणि रिबीन असलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. एक-दोन आठवड्यांनी पाहिलं तर हीच मुलं आपणहून चित्रं काढण्यात आधीपेक्षा बराच कमी वेळ घालवत होती. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं किंवा मिळालंच नाही, त्यांची आवड टिकून होती.

कौतुक करू नका असं कुणी म्हणत नाही. ‘वा, किती छान!’ हे चित्राकडे न बघताही म्हणता येतं, आणि मुलांना ते कळतं. ‘इथे तू निळ्यावर पिवळा दिलास’ असं म्हणायला मात्र बघावं लागतं.

म्हणजे मुलाला कशालाच ‘नाही’ म्हणायचं नाही?

म्हणायचं. काय खेळायचं हे त्याच्या हातात आहे. दुसऱ्याला मारायचं नाही, वस्तू फोडायची नाही, खेळून झाल्यावर पसारा आवरायचा, हे त्याच्या हातात नाही. नियम थोडे असावेत, रोज तेच असावेत. आज हसून सोडलेली गोष्ट उद्या ओरडून थांबवली तर मूल नियमाऐवजी तुमचा मूड वाचायला शिकतं.

तो दिवसभर एकच खेळ खेळतो. दुसरं काही सुचवू का?

सुचवायच्या आधी थोडे दिवस पाहा. आठवडाभर गाड्या रांगेत लावणारं मूल कधी रंगाने लावतं, कधी लांबीने, कधी मध्ये पूल घालतं. वरून तेच दिसलं तरी आत काहीतरी सरकत असेल तर खेळू द्या. महिनोन्महिने कणभरही बदल नाही, दुसऱ्या कुणाला जवळ येऊ देत नाही, हाकेला प्रतिसाद कमी, असं एकत्र दिसलं तर बालविकास तज्ज्ञांशी बोला.

उलट तक्रारही असते: ‘मला कंटाळा आलाय.’ यावर लगेच कार्यक्रम पुरवू नका. कंटाळ्याला जरा वेळ दिला की बहुतेकदा त्यातून काहीतरी निघतं. सतत कुणीतरी करमणूक केलेल्या मुलाला सुरुवातीचे दिवस जड जातात, आणि घरच्यांना त्याहून जास्त.

माझी मुलगी इतर मुलांत मिसळत नाही, एकटीच खेळते.

वय काय, यावर उत्तर आहे. मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ मध्येच नोंदवलं होतं की लहान मुलं आधी नुसती बघतात, मग शेजारी बसून आपापलं खेळतात, आणि खरा मिळून खेळ पुढे येतो. दोन-तीन वर्षांच्या मुलीकडून वाटून घेऊन खेळण्याची अपेक्षा ठेवू नका. मोठी मुलंही अधूनमधून एकटी खेळतात, त्यात बिघडलेलं काही नसतं.

मोबाइलवरचे ‘शैक्षणिक’ खेळ चालतील?

त्यांना खेळाची जागा देऊ नका. तिथे मुलाने काय करायचं ते दुसऱ्या कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांचा बसून स्क्रीन पाहण्याचा वेळ दिवसाला एका तासाहून जास्त नसावा, कमी असेल तर उत्तम. त्याहून लहानांसाठी नकोच. याच सूचना एक ते चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल हवी असंही सांगतात. त्या आकड्याची चर्चा फारच कमी होते.

पडलं, लागलं तर?

पडेल, आणि थोडं लागेलही. नॉर्वेतल्या संशोधक एलेन सँडसेटर यांनी मुलं आपणहून शोधतात अशा जोखमीच्या खेळांचे प्रकार सांगितले आहेत: उंची, वेग, धारदार अवजारं, आग-पाण्यासारख्या गोष्टींजवळ जाणं, कुस्तीझोंबी, आणि मोठ्यांच्या नजरेआड जाणं. हे सगळं काढून टाकलं तर मुलाला स्वतःची मर्यादा जोखायची संधीच राहत नाही. जोखीम आणि धोका यांत फरक करा. किती उंच चढायचं हे मुलाला दिसतं, ठरवता येतं. कुजलेली फांदी त्याला दिसत नाही. ती शोधून काढणं तुमचं काम. आणि झाडावर चढवून बसवू नका. जिथवर मूल स्वतः चढतं तिथून ते बहुधा स्वतः उतरूही शकतं.

मोठ्या मुलांचं काय? दहाव्या-बाराव्या वर्षीही असंच?

असं करणाऱ्या शाळा आहेत. ए. एस. नील यांनी १९२१ मध्ये सुरू केलेली इंग्लंडमधली समरहिल शाळा आजही चालू आहे. तिथे तासाला बसणं ऐच्छिक आहे आणि शाळेचे नियम मुलं-शिक्षक सभेत मिळून ठरवतात. १९९९ च्या तपासणीनंतर शाळा बंद पडायची वेळ आली होती. प्रकरण न्यायाधिकरणापुढे गेलं, आणि २००० साली झालेल्या तडजोडीत शाळेची पद्धत टिकली. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १९६८ पासून चालणारी सडबरी व्हॅली शाळा त्याही पुढे जाते: वर्ग नाहीत, मूल मागेल तेव्हाच शिकवणी. जॉन होल्ट यांनी सत्तरच्या दशकात ‘अनस्कूलिंग’ हा शब्द रूढ केला, म्हणजे शाळाच नको, जगण्यातूनच शिकू.

या वाटेने गेलेली बरीच मुलं पुढे छान स्थिरावतात. पण अशा शाळांची निवड करणारे पालकही निवडक असतात: वेळ, पुस्तकं, ओळखी असलेले. घरात हे नसेल तर ‘मागेल तेव्हा शिकवू’ याचा अर्थ मुलाला जे माहीतच नाही ते ते कधीच मागणार नाही, असाही होऊ शकतो. या वयात मुलाचा पुढाकार प्रकल्पांमध्ये, विषय निवडण्यात, वेळ आखण्यात ठेवावा, आणि गणित किंवा व्याकरणासारख्या पायरी-पायरीच्या गोष्टी सरळ शिकवाव्यात, असं मला वाटतं.

नंतर नेहमीच्या शाळेत घातलं तर जुळवून घेईल का?

बहुतेक मुलं घेतात. पहिले काही महिने एका जागी बसणं, घंटा झाली की हातातलं सोडणं, विचारून पाणी प्यायला जाणं जाचतं. लिहायचा वेग कमी पडतो. जमेला काय असतं? प्रश्न विचारण्याची सवय, अडल्यावर धडपडण्याची तयारी. या गोष्टींचं स्वागत होईल का, ते त्या वर्गावर अवलंबून आहे. शाळा बदलण्याआधी तिथे दिवस कसा जातो हे मुलाला दाखवून आणा.

शाळेतून काढायलाच हवं का? कायद्याने चालतं?

काढायलाच हवं असं मुळीच नाही. शाळेनंतरचे तास शिकवण्या आणि छंदवर्गांनी न भरता मोकळे ठेवले तरी खूप होतं.

कायदा देशागणिक बदलतो. जर्मनीत शाळेत जाणं सक्तीचं आहे आणि घरी शिकवण्याला जवळपास वाव नाही. इंग्लंडमध्ये शिक्षण सक्तीचं आहे, शाळा नाही. भारतात २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वयाच्या मुलांना मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला. घरी शिकणाऱ्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) परीक्षा देता येते. निर्णयाआधी तुम्ही राहता तिथला सध्याचा नियम नीट तपासा, आणि परीक्षा व दाखल्यांचं पुढे काय, याचाही विचार करा.

ऑटिझम किंवा विकासात उशीर असलेल्या मुलांना हे जमेल का?

जमेल, पण सोबत वेगळी लागेल. काही मुलांना मोकळा वेळ आणि ढीगभर पर्याय घाबरवतात. दिवसाचा क्रम चित्रांनी दाखवणं, दोन-तीनच पर्याय ठेवणं, खेळ कसा सुरू करायचा हे करून दाखवणं अशी मदत त्यांना हवी असते. उपचार चालू असतील तर थेरपिस्टला बरोबर घेऊन ठरवा. ‘मुलाच्या कलाने’ म्हणून उपचार थांबवणं चूक आहे.

गुण नाहीत, परीक्षा नाही. प्रगती कळणार कशी?

नोंदींतून. मूल काय करत होतं, काय म्हणालं, कुठे अडलं, हे आठवड्यातून दोनदा तारखेसह चार ओळींत लिहा. ‘हुशार’, ‘हट्टी’ असले शब्द टाळा. जे दिसलं ते लिहा. चित्रांवर तारीख टाका, ठोकळ्यांच्या रचनांचे फोटो ठेवा. तीन महिन्यांनी चाळलंत की बदल दिसेल. नसेल दिसत तर तीही माहितीच आहे, आणि ती दडवण्याचं कारण नाही.

‘खेळातून शिक्षण’ म्हणणारी जागा खरी आहे का, कसं ओळखायचं?

भेटीची वेळ कामकाजाच्या तासांत मागा. मुलं घरी गेल्यावरच या, असा आग्रह असेल तर विचारा का. आत गेल्यावर भिंतींकडे बघा: तीस सारखी फुलपाखरं लटकत असतील तर ती ताईंनी कापली आणि मुलांनी चिकटवली. साहित्य कपाटाच्या वरच्या फळीवर, पॅकिंगसकट चकचकीत असेल तर ते पाहुण्यांसाठी आहे. आवाज कुणाचा जास्त येतो, मुलांचा की मोठ्यांचा? मुलं एकमेकांशी बोलत आहेत की फक्त उत्तरं देत आहेत?

दिवसातला सर्वांत लांब अखंड खेळ किती वेळाचा, हे विचारा. ‘पिरियड’ मोजून वीस मिनिटं सांगितली तर समजा. ताई किती वर्षं टिकतात तेही विचारा, कारण मुलाला ओळखणारी व्यक्ती दर सहा महिन्यांनी बदलत असेल तर त्याचा कल ओळखणार कोण? आणि शक्य असेल तर एखाद्या ताईंना बाजूला घेऊन विचारा, ‘काल तुमच्या वर्गातल्या कुठल्याही एका मुलाने काय केलं?’ ज्या खरोखर बघतात त्यांना थांबवावं लागतं. बाकीच्या माहितीपत्रक पुढे करतात.